हौसेचा तांबडा पट्टा

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात एक मुंगूस राहत असे. मुंगूस मोठं हौशी. सकाळी उठलं, की आधी ओढ्याच्या पाण्यात आपलं रूप न्याहाळायचं, शेपटी फुलवून बघायची आणि मगच पोटापाण्याचा विचार करायचा. त्या रानात पहाऱ्याला रानडुकरांची एक टोळी होती. टोळीतल्या प्रत्येकाच्या छातीवर पांगाऱ्याच्या फुलांत रंगवलेला तांबडा पट्टा आडवा बांधलेला असे. पट्टे विणायची सुगरण. रानाचा रिवाजच होता, मुलांनो, की वणवा पेटला तर तांबडा पट्टा दिसेल तिकडे धावायचं. का, कशाला, हे विचारत बसायचं नाही. पिल्लं चालायला लागली, की त्यांच्या आया त्यांना सर्वांत आधी हेच शिकवत.

मुंगसाला मात्र त्या पट्ट्यात दिसला तो फक्त रुबाब! ते तडक सुगरणीकडे गेलं आणि म्हणालं, "सुगरणताई, मलाही एक पट्टा विणून दे की!"

"अगं बाई! पहाऱ्याला उभं राहणार की काय तू?"

"छे गं! उन्हातान्हात कोण उभं राहतंय? नुसता घालणार. माझ्या अंगाला कसा खुलून दिसेल बघ!"

सुगरण पडली भिडस्त. तिने पट्टा विणून दिला आणि मुंगूस तो घालून रानभर मिरवून आलं. झालं! दुसऱ्या दिवशी ससा हजर, तिसऱ्या दिवशी मोर. कासवाच्या पाठीवर पट्टा टिकेना, तरी पठ्ठ्याने तो वेलीने करकचून बांधून घेतलाच. महिनाभरात निम्मं रान तांबडं दिसू लागलं. टोळीचा नायक होता एक म्हातारा रानडुक्कर. त्याने मुंगसाला वाटेत अडवलं आणि विचारलं, "काय रे, हा अंगावर असला की काय काय करावं लागतं, ठाऊक आहे का तुला?"

"चिडता कशाला, नायक? तुमचा मानच वाढवतोय की आम्ही!" असं म्हणून मुंगूस ऐटीत पुढे गेलं. वारा कुठून येतोय ते हुंगत म्हातारा आपल्या कामाला लागला.

चैत्रातल्या एका दुपारी बांबूच्या बेटात वणवा पेटला. हां हां म्हणता धुराने रान भरून गेलं. जो तो तांबडा पट्टा शोधू लागला आणि पट्टे तर जिकडेतिकडे! सशामागे धावले ते त्याच्याबरोबर गोल गोल फिरू लागले. मोर उडून सागाच्या शेंड्यावर जाऊन बसला, तर त्याच्यामागे आलेले खाली उभे राहून माना वर करून बघत राहिले. कासवामागे लागलेल्यांचं तर काही विचारूच नका.

मुंगसाची पाचावर धारण बसली. कड्याच्या तळाशी त्याचं बीळ होतं, तिकडे ते जिवाच्या आकांताने पळालं. बिळात शिरणार, एवढ्यात मागे पावलं वाजली. वळून बघतं तो काय, एक हरिणी, तिचं चार दिवसांचं पाडस आणि दोन साळिंदरं धापा टाकत उभी! समोर कडा आणि मागून आग येत होती. बिळात मावणारं एकटं मुंगूसच होतं.

"आता कुठे जायचं, पहारेकरीदादा?" हरिणीने विचारलं.

पाडसाचे पाय लटपटत होते. ते बघून मुंगसाला रडू कोसळलं. "मी पहारेकरी नाही गं ताई! मी आपला हौसेने घातलाय पट्टा."

"मग आम्ही तुझ्यामागे का आलो रे?" हरिणी म्हणाली.

बिळाकडे पाठ फिरवून मुंगूस खडकावर चढलं, दातांनी आपला पट्टा टराटरा फाडला आणि घसा फाडून ओरडलं, "मिरवायला पट्टे घातलेत त्यांनी आत्ताच्या आत्ता काढून फेका! आपल्यामागे धावून सगळे मरतील!"

ते ऐकून सशाने पट्टा भिरकावला. मोराने आपला टाकला आणि झाडावरून तेच ओरडून साऱ्या रानाला सांगितलं. कासवाची गाठ सुटेना, ती सशाने कुरतडली. आणि मग खडकावरून मुंगसाला दिसलं. दूर ओढ्याकाठी धुरातून तांबड्या पट्ट्यांची एक सरळ रांग! रानडुकरं मघापासून तिथे उभी राहून हाका मारत होती, पण इतक्या पट्ट्यांमध्ये त्यांच्याकडे बघतंय कोण?

"ओढ्याकडे! सगळे ओढ्याकडे पळा!" मुंगूस ओरडलं आणि आगीच्या बाजूने पाडसाच्या अंगाला अंग लावून कड्याच्या कडेकडेने धावत सुटलं. शेपटीचा गोंडा करपला, तरी ते थांबलं नाही. ओढ्याच्या काठावरचं सुकं गवत रानडुकरांनी मुसंड्या मारून केव्हाच उकरून टाकलं होतं. आग तिथवर आली आणि जळायला काही नाही म्हणून हळूहळू विझली.

पाण्यात उभं राहून सगळ्यांनी आपापली पिल्लं बघितली. एकूण एक होती! शेवटी कासवही डुलत डुलत पोचलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पाडस तर आईला लुचायलाही लागलं होतं. ते बघून मुंगसाला इतकं हायसं वाटलं, की ते तिथेच चिखलात फतकल मारून बसलं.

म्हातारा रानडुक्कर जवळ आला तेव्हा ते मान खाली घालून म्हणालं, "नायक, माझं चुकलं. काय ती शिक्षा करा."

"शेपटी पोळलीय तेवढी पुरे," म्हातारा हसून म्हणाला. "पट्टा हवाच असेल, तर उद्यापासून आमच्याबरोबर गवत उकरायला ये."

"येईन," मुंगूस म्हणालं, "पण पट्टा इतक्यात नको. आधी गवत उकरायला शिकू दे मला."

तात्पर्य : ज्या वेशाच्या भरवशावर लोक आपला जीव सोपवतात, तो वेश अंगावर घालण्याआधी त्याचं काम शिकून घ्यावं.