हैबती आणि लाल ठिपका

कोरेवाडीत हैबती नावाचा एक भोळा राहत असे. नाव ऐकून चोरांनी पळावं आणि माणूस पाहून परत यावं, अशातला प्रकार. नथूशेठ सराफांनी त्याला दुकानावर पहाऱ्याला ठेवलं, तेही फक्त उंची पाहून. अट एकच, पिस्तूल चालवायला शिकायचं. शिकला तर नोकरी कायम, आणि नोकरी कायम झाली तर सुंदराची आई मुलगी देणार. शेठनी मंगळसूत्रसुद्धा कपाटात बाजूला काढून ठेवलं होतं.

शिकवायला निवृत्त सुभेदार मोहिते होते. पिस्तूल नव्या तऱ्हेचं. माथ्यावर बोटभर काच, काचेत लाल ठिपका. ठिपका जिथे, गोळी तिथे.

"दोन्ही डोळे उघडे ठेव," सुभेदार म्हणाले. "ठिपक्याकडे पाहू नकोस. निशाणाकडे पाहा. ठिपका आपोआप जागेवर येतो."

हैबतीला हे फार पटलं. संध्याकाळी तो सायकलवरून घरी निघाला. रेल्वेच्या फाटकावर लाल दिवा लागला होता. त्यानं दिव्याकडे पाहिलं नाही. रुळांपलीकडे घर होतं, तिकडे पाहिलं. फाटकाचा दांडा छातीत बसला. फाटकवाल्यानं त्याचा कान धरला आणि तसाच सुभेदारांपुढे उभा केला.

"अरे, लाल दिसलं की जागच्या जागी थांबावं," सुभेदार म्हणाले.

"एवढंच ना?" हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यानं पिस्तूल उचललं. काचेत लाल ठिपका दिसला. हैबती थांबला. सुभेदार चहा पिऊन आले, तो थांबलेलाच. जेवून आले, तरी थांबलेलाच. हात लटलटत होते, चेहऱ्यावर मात्र समाधान होतं.

सुभेदारांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. लाल ठिपका मधोमध आला की थांबायचं नाही. श्वास रोखायचा आणि बोटानं दाबायचं. हळू, झटका न देता.

रविवारी हैबतीला सुंदराच्या घरी पोह्यांचं बोलावणं होतं. सुंदरानं बशी पुढे केली आणि मान वर केली. कपाळावर, अगदी मधोमध, लाल टिकली. हैबतीनं श्वास रोखला. बोट पुढे केलं आणि टिकली दाबली. हळू, झटका न देता.

सुंदराला हसू आलं. तिच्या आईला आलं नाही. नोकरी कायम होईपर्यंत या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असं तिनं सांगितलं आणि बशी आत नेली.

हे कानावर आलं तेव्हा सुभेदारांनी हैबतीला बोलावून घेतलं. मग म्हणाले, "समोर माणूस असला की बोट लांब ठेव. नळी जमिनीकडे. आणि कुणी हत्यार मागितलं, तर गोळ्या काढून, मूठ त्याच्याकडे करून द्यावं. तशी रीत आहे."

सोमवारी दुपारी, तोंडाला फडकं बांधलेला एक जण कोयता घेऊन दुकानात शिरला.

"पिस्तूल दे इकडं."

समोर माणूस होता. हैबतीनं बोट लांब ठेवलं. नळी जमिनीकडे केली. गोळ्या काढून खिशात घातल्या आणि मूठ पुढे करून पिस्तूल अदबीनं दिलं. शेठ गादीवरून गल्ल्याखाली गेले.

चोरानं एक डोळा मिटून नेम धरला. हैबतीला ते बघवेना.

"अहो, दोन्ही डोळे उघडे. ठिपक्याकडे नको, निशाणाकडे पाहा."

निशाण हैबतीच होता. चोरानं घोडा दाबला. नुसतं खट् वाजलं. तो गोंधळला, हाताला लागले तेवढे दागिने पिशवीत कोंबले आणि पळत सुटला. त्यात मंगळसूत्रही गेलं.

मंगळसूत्राची रिकामी जागा पाहिली तेव्हा मात्र हैबती पेटला. पळायला तो घोड्यासारखा होता. फाटकापाशी त्यानं चोराला गाठलं. शर्टाचं टोक मुठीत आलं, पिशवी हाताला लागली, आणि फाटकावर लाल दिवा लागला.

हैबतीनं शर्ट सोडला, पिशवीही सोडली. जागच्या जागी थांबला.

चोर दांड्याखालून पलीकडे गेला. मध्ये मालगाडी आली, आणि ती चांगली लांबलचक होती. फाटकवाल्यानं हैबतीची पाठ थोपटली.

मागून शेठ धापा टाकत आले. चोर कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

"गेला, शेठ," हैबती म्हणाला. "लाल असताना गेला. त्याला मुळी कुणी नीट शिकवलेलंच नाही."