मांत्रिकाचं वाढतं तेल

कर्दळगडाला शत्रूचा वेढा पडणार, अशी कुणकुण होती. नेमका तेव्हाच भस्मनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याने होम पेटवला, तेलाने काठोकाठ भरलेला हंडा त्याच्याजवळ ठेवला आणि मंत्र सुरू केले. थोड्याच वेळात तेल बाहेर ओघळू लागलं.

"पाहिलंत महाराज? मी तेल वाढवतो, तसंच धान्यही वाढवीन. कोठारं माझ्या हाती द्या आणि निर्धास्त राहा!"

राजा भारावला. राणी सुगंधाला मात्र राहवेना. नवं तेल आलं कुठून? हा बुवा खोटा निघाला, तर वेढ्यात सगळा गड उपाशी मरेल.

तिने मोठा तराजू मागवला. तसाच दुसरा हंडा थंड तेलाने काठोकाठ भरून एका पारड्यात ठेवला आणि भस्मनाथाचा गरम हंडा दुसऱ्यात. गरम हंड्याचं पारडं वर गेलं!

"दोन्ही भरलेले, मग हा हलका कसा?" राजाने नवलाने विचारलं.

"तापलेलं तेल जास्त जागा घेतं, महाराज," राणी म्हणाली. " हंड्यात मावेना तेवढं सांडलं, म्हणून आत कमी उरलं. नवा थेंबही आलेला नाही."

भस्मनाथ खवळला. "राणीसाहेब, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तेल वाढलं की नाही?"

राणी हसली. "वाढलं नाही बुवा, नुसतं फुगलं. दरबाराची ऊब मिळाल्यावर तुम्ही फुगलात ना, अगदी तसंच. वजन काही वाढलं नाही!"

दरबार खदखदून हसला. राजाने त्याच दुपारी कोठारं धान्याने भरायला माणसं पाठवली.