हिरडबोडीत आल्याआल्या पाणी का देत नाहीत

सन १९०८, चैत्र शुद्ध नवमी. मोहाची फुले गळायची संपत आली होती. हिरडबोडीची रीत तेव्हापासूनची.

राष्ट्रीय उद्यानाच्या गेटाला लागून आज इथे मुक्कामाची चार ठिकाणे आहेत. तीन होम-स्टे आणि एक मोठे रिसॉर्ट. एकाही ठिकाणी आल्या पाहुण्याला पाणी विचारत नाहीत. हातात घागर देतात. ती विहिरीवर भरायची, बोडीपर्यंत, म्हणजे गावाच्या लहान तळ्यापर्यंत न्यायची आणि बोडीत ओतायची. मग येऊन पाणी मागायचे. शहरातली माणसे चिडतात, पैसे आगाऊ भरलेत म्हणतात. चिडोत.

त्या काळी गाव चौदा घरांचे होते. विहीर नव्हती. सगळे बोडीचेच पाणी पीत. रानाच्या तोंडाशी शेवटचे घर लिंगू मडावीचे. आला-गेला तिथेच टेकायचा आणि लिंगूला त्याचा मोठा अभिमान होता, असे सांगतात. नवमीला शहरातला एक बडा शिकारी बावीस माणसे घेऊन आला. कोण, कशाला, किती दिवस, काही न विचारता लिंगूने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिथेच चुकले. ज्याच्या हातचे पाणी पाहुणा प्यायला, त्याने त्या पाहुण्याला जा म्हणायचे नाही, की बोल लावायचा नाही, अशी तेव्हाची चाल होती.

नऊ दिवस ती माणसे राहिली. एक वाघ आणि दोन सांबरे मारली. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कातडी सोलली, आतडी पाण्यात लोटली. बावीस माणसे सकाळी त्याच पाळीवर परसाकडे बसत. चौथ्या दिवशी पाण्यावर चरबीची साय धरली. निळ्या माश्या घरातल्या भातावर येऊन बसू लागल्या. लिंगूची बायको सोनकी घागर भरायला गेली, तर घागरीत अळ्या आल्या. ती तिथेच ओकली.

"बोला ना काही त्यायले!" ती म्हणाली.

लिंगू गेला आणि हात जोडून उभा राहिला. "मालक, आतडी तेवढी पुरून टाकली असती तर..."

शिकारी हसला म्हणे. "अरे, जंगल आहे हे. जंगलात काय झाडू मारायचा?"

लिंगूला पुढे बोलता येईना. आपल्याच तांब्याने तोंड बांधले होते. दहाव्या दिवशी ते वाघाचे कातडे घेऊन गेले. बाकीचे सगळे ठेवून गेले.

गाव पाळीवर जमले. नाकाला पदर, नाकाला शेले. जंगो आजी गावात सगळ्यांत म्हातारी. जिभेने तिखट.

"काहून रे लिंग्या, मोठा पाहुणचारवाला! दे ना आता तांब्याभर. पाज आमालेही!"

पंचांनी दोन गोष्टी ठरवल्या. यापुढे जो इथे राहायला येईल त्याने आधी नाल्यावरून घागरभर पाणी आणून बोडीत ओतावे. बोडी डोळ्यांनी पाहावी. मगच त्याला पाणी मिळेल. ते आजही चालू आहे, फक्त नाल्याऐवजी आता विहीर आहे. दुसरे लिंगूसाठी. त्याने गावाचे पाणी बुडवले. ते फेडीपर्यंत त्याच्या हातचे पाणी कोणी घेणार नाही. मेला तरी तोंडात कोणी घालणार नाही.

लिंगूने पाळ फोडली आणि नासके पाणी खालच्या पडीकात सोडले. मग तो चिखलात उतरला. मांडीपर्यंत काळा राडा, त्यात केस, खूर, कुजलेली आतडी. टोपलीने काढायचा, खड्ड्यात पुरायचा. जेवण जाईना, कारण हाताचा वास जाईना. राखेने घासला, निंबाच्या पाल्याने घासला. सोनकीने टोपली उचलायला हात लावला, तर म्हणाला, "तांब्या म्या दिला होता." अडीच महिने एकटा खपला. तळाची पांढरी माती लागली तेव्हा थांबला आणि पाळ बांधली.

आषाढात बोडी भरली. गाव तरी दोन कोस नाल्यावरच जाई. बोडीचे नाव काढले की बायका थुंकत. लिंगू मग रोज सकाळी पाळीवर बसून सगळ्यांदेखत ओंजळभर पाणी पिऊ लागला.

"मेलो तं समजा नासली," तो म्हणायचा.

महिना झाला. तो मेला नाही. तरी कोणी आले नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जंगो आजी काठी टेकत पाळीवर आली. पाण्याकडे बघत राहिली. वास घेतला. मग लिंगूसमोर उकिडवी बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"ओत."

लिंगूने बोडीतले पाणी ओंजळीने उचलून तिच्या ओंजळीत ओतले. निम्मे पाणी तिच्या लुगड्यावर सांडले. उरलेले ती सगळे प्यायली, आणि तोंड पुसून म्हणाली, "फिटलं."