नाव कोरलेली वाटी

भांडी बोलायची आणि माणसं गप्प असायची, त्या काळातली गोष्ट. अच्युतरावांच्या फडताळात शेजारच्या कुमुदताईंची नाव कोरलेली वाटी अडकून पडली होती. वाटी रिकामी कशी परत करायची, आणि एकट्यासाठी रांधायचं तरी काय? म्हणून ते रोज उद्यावर ढकलत.

वाटीची झोप उडाली, छाती धडधडू लागली. कुकर डॉक्टरांनी तपासलं.

"दाब वाढलाय. माणसांत जा."

"अच्युतरावांचंही असंच होतंय हो."

"मग त्यांनाही ने!"

वाटीने साखरेच्या डब्यात बुडी मारली आणि भरून थेट अच्युतरावांच्या हातात जाऊन बसली. नाइलाजाने त्यांनी शेजारची बेल वाजवली.

वाटी बघताच कुमुदताई आत पळाल्या आणि अच्युतरावांचा जुना डबा घेऊन आल्या. डबा खोकत होता.

"द्यायचाच होता हो," त्या म्हणाल्या, "पण रिकामा कसा देऊ?"