पंख्यावर लादलेलं मौन

ओढ्याकाठच्या एका गावात द्वारकाबाई नावाची एक भाविक बाई राहायची. चातुर्मास आला की ती काही ना काही नेम धरायची. एका वर्षी तिनं जेवताना मौन धरलं. पानावर बसलं की बोलणं बंद, ते हात धुऊन चूळ भरेपर्यंत. आणि मध्येच पानावरून उठलं, तर त्या दिवसाचं जेवण तिथंच संपलं. नेम साधाच, पण द्वारकाबाईला अवघड. तिला बोलायला फार आवडायचं.

शेजारच्या गोदूमावशी म्हणायच्या, "द्वारके, तू जेवायला बसलीस की आमची गल्ली जरा डोळा मिटून घेते गं!"

द्वारकाबाईची सून केतकी. गुणाची पोर. माजघरात, जेवायच्या पाटासमोरच तिचा कॉम्प्युटर होता. द्वारकाबाईची लेक शर्वरी दूर परदेशात होती. तिला सातवा महिना लागला होता आणि तिच्या मैत्रिणी तिकडंच तिचं डोहाळजेवण करणार होत्या. आईला काही जाता येईना. मग केतकीनं काय केलं? गल्लीतल्या एकेकीच्या दारात गेली आणि तिचं डोहाळ्याचं गाणं मोबाइलवर घेतलं. कुणी विळीवर बसून गायली, कुणी नातवाला थोपटत. गोदूमावशी तर मध्येच गाणं विसरल्या आणि हसतच सुटल्या. केतकीनं तेही ठेवलं. या सगळ्याची मिळून एक फिल्म करायची आणि डोहाळजेवण सुरू व्हायच्या आत शर्वरीला पाठवायची, असं ठरलं.

तो दिवस उजाडला. तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ. केतकीनं सकाळीच फिल्म तयार व्हायला लावली. काम मोठं होतं. मध्ये बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार, आणि मग वेळेत पोचणार नाही. कॉम्प्युटर तापला. तो तापला की आतला पंखा जोरात फिरतो, आणि पंखा जोरात फिरला की घरघर होते. द्वारकाबाई पान वाढून घ्यायला आली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"मी एवढी नेमानं गप्प बसते, आणि हा समोर बसून कुरकुर करतो! याला गप्प कर बाई."

"आई, तो काम करतोय. आतून तापलाय, म्हणून वारा घेतोय."

"चुलीपुढं आम्हीही तापतो. आम्ही करतो का कुरकुर?"

"नाही करत?" केतकीनं विचारलं. दोघीही हसल्या. पण द्वारकाबाईनं हट्ट काही सोडला नाही.

केतकीला वाटलं, सासूच्या नेमात आपल्यामुळं विघ्न नको. आता कॉम्प्युटरचा सगळा कारभार त्याची ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. आत किती तापलंय ते बघायचं आणि तेवढाच पंखा फिरवायचा, हेही काम तिचंच. केतकीनं सेटिंगमध्ये जाऊन ते काम तिच्याकडून काढून घेतलं. पंख्याचा वेग स्वतःच्या हातानं अगदी खाली आणून ठेवला. 'कॉम्प्युटर तापू शकतो,' अशी सूचना आली. "एवढं जेवण होईपर्यंत काय होतंय," असं म्हणून ती परसात धुणं वाळत घालायला गेली.

घरघर थांबली. घर शांत झालं. द्वारकाबाईनं हात जोडले, चित्राहुती घातली, वरणभात कालवला. कसं प्रसन्न वाटलं! पण चार घास खाल्ले नाहीत तोच कसलासा तापल्याचा वास आला. समोर पडद्यावर फिल्म किती तयार झाली ते दाखवणारी रेघ मघापासून भराभर पुढं सरकत होती, ती आता जागची हलेना. तिनं डावा हात लांब करून कॉम्प्युटरच्या डब्याला लावला. डबा तव्यासारखा तापलेला.

लेकीच्या डोहाळजेवणाची गाणी त्यात होती. हाक मारावी, तर मौन. उठावं, तर जेवण गेलं. तिनं पानाला नमस्कार केला आणि ती उठली. देवघरात गेली. "देवा, उष्ट्या हातानं आलेय, पोटात घाल," असं मनातच म्हणाली आणि डाव्या हातानं घंटा घेऊन अशी वाजवली, अशी वाजवली, की परसातले कावळे उडाले.

केतकी ओले हात पुशीत धावत आली. "आई, ही कसली आरती मध्येच?"

द्वारकाबाईनं बोट दाखवलं. केतकीनं पडदा पाहिला आणि धावत जाऊन पंखा पुन्हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वाधीन केला. त्यासरशी पंखा असा घोंगावला की भिंतीवरची दिनदर्शिका फडफडली. दोघी श्वास धरून उभ्या राहिल्या. हळूहळू डबा निवला. रेघ हलली. पुढं सरकू लागली.

द्वारकाबाईनं हात धुतले, चूळ भरली, आणि मग तिचं तोंड सुटलं.

"बघ गं, माझ्यावर वेळ आली तेव्हा मला घंटा तरी होती. या बिचाऱ्याची घरघर हीच त्याची घंटा, तीच आपण काढून घेतली होती. मौनाच्या उद्यापनाला घंटा दान देतात, ती काही उगाच नाही."

"पण आई, तुमचं जेवण राहिलं."

"राहू दे. एक दिवस दूध पिऊन कुणी वाळत नाही. आणि मी वाळायला बरीच वर्षं लागतील!"

संध्याकाळी फिल्म वेळेत पोचली. व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर शर्वरी दिसली, हिरवी साडी, फुलांची वाडी ल्यालेली. गल्लीतल्या बायकांची गाणी ऐकून ती आधी रडली. मग गोदूमावशी गाणं विसरल्या, तेव्हा पोट धरून हसली. पोटातलं बाळसुद्धा हललं म्हणाली.

"आई, तुझ्यामागं ती घरघर कसली गं येतेय? बंद कर ना."

"येऊ दे, बाळा," द्वारकाबाई म्हणाली. "पंखा आहे तो. तुला माझ्यापर्यंत तोच आणतोय."

तात्पर्य: आपला नेम आपण पाळावा, दुसऱ्यावर लादू नये; जो आपल्यासाठी राबतो आणि तापतो, त्याला गप्प करून घरात खरी शांतता येत नाही.