ईशान्येचा वारा कोणाचा?

भिंती बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका घरात तीन भिंती जावाजावांसारख्या नांदत होत्या. थोरली पूर्व-पश्चिम, मधली दक्षिणोत्तर, धाकटी तिरपी. आपापल्या दिशेचा वारा जिने तिने अडवायचा, अशी वाटणी होती.

एकदा ईशान्येकडून वादळ आलं. छप्पर किंचाळलं, "बायांनो, धरा मला!"

"हा वारा माझ्या दिशेचा नाही," थोरली म्हणाली.

"माझ्याही नाही, जाऊबाई!" मधली म्हणाली.

दोघींनी हात सोडले. वारा ओशाळून दाराशी थांबला.

"थोडा माझा असावा बहुतेक," तिरपी चाचरली. "चुकत असेन तर सांगा." आणि तिने छप्पर घट्ट धरलं. मग वारा तिच्यावर आदळून निघून गेला.

"न विचारता घेतलासच कसा?" थोरली कडाडली.

तिरपीने घाबरून माफी मागितली. छप्पर मात्र तिचा हात सोडेना.