शंभरात चार

“शंभरात चार, भंतेजी. मग ते नाव यादीत ठेवायचं तरी कशाला?”

उत्पलाने वही चटईवर ठेवली आणि भंते उपसेनांच्या पुढे सरकवली. भंते चिवराची घडी नीट करत होते. त्यांनी वहीकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

“चार म्हणजे?”

“माझ्यासारख्या क्रमांकाची शंभर मुलं त्या जागेसाठी उभी राहिली, तर चौघांना मिळेल.”

“आणि जागा कसली?”

“विमानाच्या इंजिनिअरिंगची. त्या मोठ्या संस्थेतली.”

हे सांगताना तिचा आवाज थोडा खाली आला. भंतेंनी ते ऐकलं असावं...

कडेगव्हाणच्या विहारामागे अभ्यासिका होती. तिथे बत्तीस मुलं बसत. प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की सगळी आधी उत्पलाकडे येत. कोणत्या संस्थेत, कोणत्या शाखेत, कोणत्या फेरीत शेवटची जागा कितव्या क्रमांकाला मिळाली, हे तिने सात वर्षांचं तीन वह्यांत उतरवून ठेवलं होतं. मुलाचा क्रमांक ऐकायचा, पानं उलटायची, आकडा सांगायचा. “हे होईल तुझं. हे नाही होणार, काढून टाक.” तिचा अंदाज सहसा चुकत नसे. मुलं तिला कटऑफताई म्हणत. ती रागावल्यासारखं करी, पण नाव तिला आवडत होतं.

या वर्षी परीक्षा तिची स्वतःची होती. पसंतीक्रमाचा अर्ज त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होता. यादीत तिने अकरा नावं लिहिली होती. एकाचाही आकडा साठच्या खाली नव्हता. विमानाचं नाव त्यांत नव्हतं.

“यादी तयार आहे, तर भरून टाक,” भंते म्हणाले.

“भरणारच आहे.”

“मग इथे काय अडलंय?”

“अडलं काही नाही. फक्त खात्री करायला आले.”

भंतेंनी कोपऱ्यातलं पात्र उचललं.

“चल. निघायची वेळ झाली. माझा गुडघा धरलाय आज, पिशवी तू घे.”

इतर दिवशी विहारात घरांच्या पाळीने जेवण येई. रविवारी मात्र भंते स्वतः पात्र घेऊन पिंडपाताला निघत. पद्धत साधी होती. दारासमोर उभं राहायचं. तोंडाने मागायचं नाही. मिळेल ते घ्यायचं, नाही मिळालं तरी मान लववून पुढे व्हायचं. आणि ओळीतलं एकही घर वगळायचं नाही.

पहिलं दार कौसल्याआजींचं. आजी भाकरी घेऊन उंबऱ्यातच उभ्या होत्या.

“काय गं कटऑफताई, भंतेजींना भाकरी मिळायचा चान्स किती?”

“तुमच्या दारात शंभर, आजी.”

“मग बरोबर आहे तुझी वही!”

आजी हसल्या. उत्पलाही हसली. पुढच्या तीन घरांत काय मिळेल, हे तिने मनातल्या मनात आधीच ठरवलं, आणि तिन्ही घरांत तेच मिळालं.

पाचवं दार राजरत्नचं. राजरत्न तिच्याहून एका वर्षाने मोठा. अभ्यासिकेतच शिकलेला, आता तालुक्याच्या कॉलेजात होता. रविवारी घरी येई. त्याची आई, शेवंतामावशी, पात्रात पिठलं वाढता वाढता बोलू लागली.

“भंतेजी, या पोरीचे उपकार हायेत बघा आमच्यावर. गेल्या साली आमचा राजा त्या मोठ्या संस्थेचंच धरून बसला होता. हिनं सांगितलं, शंभरात चार, काढून टाक. त्यानं काढलं. नाहीतर बसला असता ना उगा आस लावून!”

आतून राजरत्न कूलर ठोकत असल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“आई, तिला अजून दोन भाकरी दे! फी म्हणून!”

“वाढते रे बाबा, वाढते.”

उत्पलाने मान वर केली नाही. पिशवीची गाठ घट्टच होती. तिने ती सोडून पुन्हा बांधली.

सहावं दार निळं. रंगनाथ मास्तरांचं.

उत्पला सवयीने पुढे गेली. सहासात पावलांवर तिला कळलं, मागे कुणी नाही. भंते निळ्या दारासमोर थांबले होते. पात्र दोन्ही हातांत, नजर खाली. कौसल्याआजींच्या दारात उभे होते, अगदी तसेच.

ती परत आली.

“भंतेजी, इथे कुणी देत नाही.”

भंते जागचे हलले नाहीत.

आत रेडिओ चालू होता. थोड्या वेळाने तो बारीक झाला. खिडकी अर्धी उघडली, मास्तरांचा चष्मा दिसला.

“पुढे व्हा.”

भंतेंनी मान लववली. खिडकी लागली. रेडिओ पुन्हा मोठा झाला.

बोळाच्या वळणावर येईपर्यंत उत्पलाने स्वतःला आवरलं.

“किती वर्षं थांबताय तिथे?”

“या गावात आल्यापासून. नऊ झाली.”

“आणि एकदाही...?”

“एकदाही नाही.”

“नऊ वर्षांचे चारशे अडुसष्ट रविवार झाले, भंतेजी. त्यांत एकदाही नाही. इथे शंभरात चारसुद्धा नाहीत, शून्य आहे.”

“हिशोब बरोबर आहे तुझा.”

“मग दुखऱ्या गुडघ्यावर तिथे उभं कशाला राहायचं?”

भंते दोन पावलं चालले, थांबले.

“नाही म्हणायचं ते मास्तरांनी म्हणायचं. ते म्हणतात. त्यांच्या वतीने मी कशाला म्हणू?”

वळणावर लिंबाचा पार होता. उत्पला त्यावर बसली. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. भंते उभेच राहिले.



“भंतेजी, राजरत्नची जागा लागली असती.”

भंतेंनी तिच्याकडे पाहिलं.

“मागच्या महिन्यात वही पुढे लिहायला घेतली, तेव्हा दिसलं. गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत यादी एकदम खाली उतरली होती. त्याच्याहून दोनशे सव्वीस क्रमांक मागे असलेल्या मुलाला ती जागा मिळाली. यादीत नाव ठेवलं असतं, तर...”

“त्याला ठाऊक आहे?”

“नाही. वह्या माझ्याकडेच असतात.”

लिंबावरून एक पान पात्राच्या झाकणावर पडलं. भंतेंनी ते बाजूला केलं.

“मी शंभरात चार म्हणाले, ते चुकीचं नव्हतं,” उत्पला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “तेव्हा सहा वर्षांचे आकडे समोर होते माझ्या. आजही कुणी विचारलं, तर त्या आकड्यांवरून मी चारच सांगेन.”

“चारच सांग.”

“मग चुकलं कुठे?”

“‘काढून टाक’... हेही वहीत लिहिलेलं होतं?”



उत्पलाने काखेतली वही मांडीवर घेतली. अकरा नावांचं पान काढलं. पहिल्या नावाच्या वर, समासाच्या रेघेला चिकटून, बोटभर जागा कोरी होती. तिथे तिने विमानाच्या शाखेचं नाव लिहिलं आणि त्याला पहिला क्रमांक दिला. मग खालच्या एकाचा दोन केला, दोनाचा तीन. असं करत अकराच्या जागी बारा होईपर्यंत ती गेली. तिचं अक्षर एरवी छापल्यासारखं असे. आज तसं नव्हतं.

नव्या नावासमोर शंभरात चार हा आकडाही तिने लिहिला. खोडला नाही.

“पाच वाजेपर्यंत वेळ आहे,” उठत ती म्हणाली. “विहारात जाऊन आधी हे भरून टाकते. सगळं बारकाईने तपासायला तासभर लागेल.”

“आत्ता किती वाजले?”

“साडेदहा.”

भंतेंनी हात पुढे केला. तिने पिशवी त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती खांद्याला अडकवली, पात्र सावरलं, आणि पुढच्या घरांकडे पाहिलं. ओळीत अजून नऊ दारं होती.

“जाऊ मी, भंतेजी?”

ती विहाराच्या रस्त्याकडे वळली होती.

“उत्पला...”

ती थांबली.

“तुझं एक दार मागे राहिलंय. पाचवं.”